पोर्टल मालकासाठी की कारागिरासाठी?

हल्ली बाजारात दोन व्यापारी बंधू चहाला बसले की तिसऱ्या वाक्याला 'पोर्टल' हा शब्द निघतोच. अमक्याने कामगारांसाठी पोर्टल केले, तमक्याच्या कारखान्यात हजेरीसुद्धा त्यावरच लागते, मग आपण मागे का राहावे, असा एकंदर सूर असतो. याच सुरात आम्हीही दोन वर्षांपूर्वी पोर्टल करून घेतले. त्यावर बऱ्यापैकी रक्कम घातली आणि ते साफ फसले. ते कशाने फसले आणि नंतर आम्ही काय केले, ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर करू. वेबसाइट म्हणजे दुकानाची दर्शनी काच. तिच्यात माल मांडायचा तो गिऱ्हाइकासाठी. कामाच्या ठिकाणचे पोर्टल ही दुकानामागच्या खोलीतली भिंत आहे. कोणाला कोणते काम दिले, किती झाले, कोणाचे किती निघतात हे त्या भिंतीवर असते. ती पाहायला गिऱ्हाईक येत नाही. येतो तो आपला माणूस, आणि तोही दिवसभराच्या कामातून दोन मिनिटे काढून. दर्शनी काच आणि मागची भिंत यांतला हा फरक आम्हाला आधी कळला असता तर पैसे वाचले असते.

आमचा धंदा शाळेच्या गणवेशाचा. कापड भिवंडीहून येते, कटिंग पुण्यात आमच्याकडे होते आणि शिलाईसाठी गठ्ठे गावोगावी जातात. त्यांतले एक गाव भोर तालुक्यातले आंबवडे. नागेश्वराचे मंदिर, कान्होजी जेध्यांची समाधी आणि संस्थानी काळातला झुलता पूल यांमुळे हे गाव लोकांना ठाऊक आहे. आम्हाला मात्र ते वीस-बावीस शिलाई मशीनसाठी ठाऊक. तिथल्या बायका घरच्या घरी शर्ट आणि पिनाफोर शिवतात. काज-बटन आणि ओव्हरलॉक पुन्हा पुण्यात होते. मजुरी पीसवर.

आमचा भाचा संगणक शिकलेला आहे. त्याने एका कंपनीची मंडळी आणली. त्यांनी विचारले, "शेठ, पोर्टलवर काय काय हवे?" इथेच पहिली चूक झाली. प्रश्न आम्हाला विचारला गेला आणि उत्तरही आम्हीच दिले. आम्ही सांगितले, वर पेढीचे नाव मोठ्या अक्षरांत हवे, वडिलांचा फोटो हवा, आमचा हवा, पेढीचा इतिहास हवा, मालकांचे मनोगत हवे. मंडळींनी आपल्याकडून रजेचा अर्ज घातला, वाढदिवसाच्या शुभेच्छा घातल्या, सूचनापेटी घातली. आता घरी बसून पीसवर शिवणारी बाई रजेचा अर्ज कोणाकडे करणार? पण त्या वेळी हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. पोर्टल सुरू झाले त्या दिवशी आम्ही पेढे वाटले.

चार महिन्यांनी भाच्याने तपासून सांगितले, "मामू, हे उघडतात ते फक्त तीन जण. मी, मुनीमजी आणि तुम्ही."

मुनीमजींचा फोन मात्र पूर्वीइतकाच वाजत होता. पोर्टलचे काम कोणते होते? तो फोन कमी वाजावा हेच ना!

तेव्हा आम्ही आंबवड्याला गेलो. एरवी आमचे जाणे वर्षातून एकदा, तेही घाईचे. या वेळी दोन दिवस काढले. पहिल्या दिवशी एका घराच्या ओटीवर बसलो. समोर तीन मशीन चालू होती. आम्ही पोर्टलचा विषय काढला तशी एक मावशी पायडल थांबवून म्हणाली, "शेठ, त्यात तुमचा फोटू लई चांगला आलाय. पण माझ्या मागच्या गठ्ठ्यातले किती पीस पास झाले, ते कुठं दिसतंय?"

ते कुठेच दिसत नव्हते. आम्ही खिशातली वही काढली. दोन दिवस आम्ही काही सांगितले नाही, फक्त विचारले आणि लिहिले. पुण्याला परतल्यावर मुनीमजींनाही सांगितले की महिनाभर येणारा प्रत्येक फोन वहीत टिपा, कोणाचा आला आणि काय विचारले. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा सगळी चौकशी चार प्रश्नांत बसली. किती पीस पास झाले? पैसे किती आणि कधी? पुढचा गठ्ठा कोणत्या दिवशी येणार? आणि जे पीस परत आले ते का आले? या चारांच्या बाहेरचे फोन बोटांवर मोजण्याइतके होते. पेढीचा इतिहास कोणीही विचारला नव्हता.

आमच्याआधी ठेच खाल्लेले

भाचा म्हणाला, मामू, तुमची चूक नवी नाही, आपल्याच राज्यात एका मोठ्या सहकारी संस्थेच्या बाबतीत हे घडून गेले आहे. त्याने सांगितली ती हकीकत वारणानगरची. आम्ही ती नीट समजून घेतली, आणि धंद्यातल्या प्रत्येकाने ती समजून घ्यावी असे आम्हाला वाटते.

कोल्हापूर जिल्ह्यातले वारणानगर म्हणजे तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला सहकाराचा पसारा. साखर कारखाना, दूध संघ, शाळा-कॉलेजे. १९९८ साली पंतप्रधान कार्यालयाच्या माहिती-तंत्रज्ञान कृतिदलाच्या पुढाकाराने इथे एक योजना निघाली. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावे संगणकाने जोडायची. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेची संस्था अशा तिघांनी खर्चाचा वाटा उचलला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे सरकारच्या संगणक खात्याने, काम पाहिले. ५४ केंद्रे उघडली. गावातल्या केंद्रात शेतकऱ्याने यावे आणि तिथे त्याला पिकांची माहिती, बाजारभाव, सरकारी योजना, जमिनीचे उतारे, नोकऱ्या, आरोग्याचा सल्ला, सगळे मिळावे असा बेत होता. इंटरनेट म्हणजे काय हे शहरातल्या पुष्कळांना माहीत नव्हते त्या काळातली ही गोष्ट. कल्पना मोठीच होती, त्याबद्दल कोणी हसू नये.

पुढे २००६-०७ च्या सुमारास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातली मंडळी, राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो तोयामा, ही केंद्रे पाहायला गेली. त्यांना काय दिसले? शेतकरी केंद्रात येत होते, पण यायचे कारण उसाचे होते. माझ्या उसाचे वजन किती भरले, तोडीची परवानगी केव्हा, खत किती मिळाले, हिशेब काय झाला. बाकीच्या थोर गोष्टी जवळजवळ पडूनच होत्या. संगणक जुने होत चालले होते, दुरुस्तीचा खर्च वाढत होता आणि विजेचा खोळंबा होताच.

या मंडळींनी मग निराळाच प्रयोग केला. त्यांनी सात गावांत संगणकाची जागा साध्या मोबाइलला दिली. शेतकऱ्याने ठरावीक अक्षरे आणि आपला क्रमांक घालून एसेमेस पाठवायचा. मुख्यालयातल्या संगणकाला एक फोन जोडलेला होता, तो संगणक हिशेब शोधून एसेमेसनेच उत्तर देई. स्वस्तातला स्वस्त फोन चाले. शेतात उभ्या माणसाला केंद्रापर्यंत चालत जायची गरज राहिली नाही. आठ महिने हा प्रयोग चालला. शेतकऱ्यांना तो पसंत पडला आणि खर्चही जुन्या पद्धतीपेक्षा कमी येतो असे त्यांना आढळले.

आम्ही उसाचे नाही, कापडाचे माणूस. पण वजनाच्या पावतीच्या जागी पास झालेले पीस धरा, म्हणजे आंबवडे आणि वारणा यांत फारसा फरक उरत नाही. ५४ केंद्रे उभी करणाऱ्यांच्या डोक्यात गावाला काय द्यावे हा विचार होता. गाव आधीपासून काय मागते आहे, हे मागाहून आलेल्यांनी केंद्रात उभे राहून पाहिले.

परदेशातही हेच चालले आहे. ब्रिटन सरकारने २०१२ मध्ये निरनिराळ्या खात्यांच्या वेबसाइट एका छत्राखाली आणल्या, तेव्हा कामाच्या तत्त्वांत पहिले तत्त्व हेच ठेवले की सुरुवात वापरणाऱ्याच्या गरजेपासून करायची, खात्याच्या सोयीपासून नाही. डेन्मार्कचे याकोब नील्सन यांचे नाव या विद्येत मोठे मानतात. त्यांनी २००० साली लिहून ठेवले की पाच माणसांना आपल्यासमोर बसवून पोर्टल वापरायला लावा, बहुतेक अडचणी तेवढ्यातच बाहेर पडतात. त्यांच्या हिशेबाने शंभरांतल्या सुमारे ८५. पाच माणसांना चहा पाजण्याइतका खर्च तर आपल्यातला लहानात लहान व्यापारीही करू शकतो.

चिठ्ठ्यांचा खेळ

दुसऱ्या वेळी आम्ही कंपनीकडे धावलो नाही. भाच्याने जुन्या बिलबुकांच्या कोऱ्या बाजूवर चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एक गोष्ट: 'पास पीस', 'उचल', 'बाकी', 'गठ्ठ्याची तारीख', 'दोरा कोणता', 'मापाचा तक्ता' अशा तीसेक चिठ्ठ्या झाल्या. आंबवड्याच्या ओटीवर त्या पसरल्या आणि बायकांना म्हटले, तुमच्या मते कोणती चिठ्ठी कोणाजवळ बसते तशा ढिगाऱ्या करा. वाचता न येणाऱ्यांना शेजारणीने वाचून दाखवले.

आमच्या रोजमेळात उचल एका पानावर आणि मजुरी दुसऱ्या पानावर, ही वडिलांपासूनची वहिवाट. बायकांनी उचल, मजुरी आणि परत आलेले पीस यांची एकच ढिगारी केली. कारण विचारले तर म्हणाल्या, "हातात काय येणार ते त्याच्यावरच ठरतं की." मापाचा तक्ता आणि दोरा आम्ही 'माहिती' या खात्यात टाकणार होतो. त्यांनी ते गठ्ठ्याच्या तारखेजवळ ठेवले, कारण गठ्ठा सोडला की पहिली गरज त्याचीच असते. संध्याकाळपर्यंत आमचे पोर्टल जमिनीवर आखून तयार होते आणि कंपनीच्या मंडळींचा हात अजून कशालाही लागला नव्हता.

भाषेचा प्रश्न आम्हीच अवघड करून ठेवला होता. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी आम्ही बाजारात शिकलो आणि पुढे ती पोटात गेली. साहजिकच आमच्या मनात होते की पोर्टल उर्दूतही दिसावे, नस्तालीक अक्षरांत, देखणे. आमचा कटिंग मास्तर उर्दू वाचतो, हे निमित्तही होते. पण पोर्टल वापरणार कोण? आंबवड्याच्या बायकांना मराठी हवी. मास्तरांना विचारले तर ते हसले. "मियाँ, मला मापे दिसली की पुरे, आकड्यांना कुठली भाषा?" त्यांचे म्हणणे खरे निघाले. मराठी वाचणारी, उर्दू वाचणारा आणि काहीच न वाचणारी, या तिघांनाही फोनवर नंबर लावायची सवय आहे, म्हणून इंग्रजी आकडे सर्वांना ओळखता येतात. तेव्हा पहिल्या पानावर आकडे मोठे ठेवले, शब्द मोजके मराठीत ठेवले आणि मास्तरांच्या कटिंगच्या पानावर तेवढे उर्दू घेतले. आमची हौस तेवढ्यावर भागली.

रेंजचे म्हणाल तर डोंगरातल्या गावात घराच्या आत ती येते-जाते. फोटोंनी भरलेले पान उघडत नाही हे ओटीवर बसल्या बसल्या आम्ही डोळ्यांनी पाहिले. आमचा आणि वडिलांचा फोटो काढला. वडिलांचा काढताना मन थोडे दुखले, खोटे कशाला सांगा. पान उघडलेच नाही तर एसेमेस जावा अशी सोयही केली. इथे व्यापारी बंधूंना एक सूचना. घाऊक एसेमेस पाठवायचे तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पेढीचे नाव आणि मजकुराचा नमुना दूरसंचार कंपनीकडे आधी नोंदवावा लागतो. ते न करता पाठवलेले संदेश अडकतात आणि आपण उगाच रेंजला दोष देतो.

फोन घरात एकच

आता ज्या गोष्टीने आम्हाला सगळ्यात जास्त विचार करायला लावला ती सांगतो. एसेमेसमध्ये आम्ही लिहिणार होतो की आपले इतके पीस पास, इतके रुपये जमा. आम्हाला वाटले, याहून सोयीचे काय असणार? दुसऱ्या दिवशी निघताना एक सून आमच्या भाचीशी हळूच बोलली. बरोबर बाईमाणूस असावे म्हणून आम्ही भाचीला नेले होते, ते किती बरे केले! ती म्हणाली, फोन घरात एकच आहे आणि तो दिवसभर नवऱ्याच्या खिशात असतो. पैशांचा आकडा त्याच्यावर आला की ते पैसे माझे राहत नाहीत. मुलीच्या फीचे मी त्यातूनच बाजूला टाकते.

आम्ही चाळीस वर्षे मजुरी वाटतो आहोत. रोख वाटत होतो तेव्हा ही अडचण आमच्यासमोर कधी आली नव्हती, कारण पाकीट ज्याचे त्याच्या हातात जायचे. फोनमुळे हिशेब साफ होतो खरा, पण तो कोणाकोणासमोर साफ होतो हे आम्ही विचारलेच नव्हते. म्हणून एसेमेसमध्ये आता रक्कम येत नाही, 'आपला हिशेब तयार आहे' एवढेच येते. रक्कम पाहायची तर प्रत्येकीने स्वतः ठरवलेला चार आकड्यांचा क्रमांक घालावा लागतो. ज्यांना तेही नको, त्यांना गट सांभाळणारी मावशी गठ्ठा देताना आपल्या फोनवर दाखवते. याच कारणाने आम्ही पोर्टलवर कोणाचे वय, पत्ता, आधार क्रमांक मागत नाही. शिलाईच्या हिशेबाला त्यांची गरज नाही. जी माहिती आपल्याला लागत नाही ती घेऊन ठेवली तर ती सांभाळायची जबाबदारीही गळ्यात पडते, आणि २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला आहे.

चारांबाहेरच्या प्रश्नांत दोन वारंवार आले, ते इथे नोंदवतो, कारण आपल्या कारागीर बंधू-भगिनींनाही ते पडतात. एक ई-श्रम कार्डाचा. २०२१ मध्ये सुरू झालेली ही नोंदणी असंघटित कामगारांसाठी आहे आणि घरी बसून शिवणारी बाई तिच्यात येते. दुसरा पीएम विश्वकर्माचा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने कर्ज, पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत, अशी तिची रचना आहे. लाभ कुटुंबात एकालाच मिळतो. पोर्टलवर यासाठी एक लहानसे पान ठेवले आहे. ते मुनीमजी सांभाळतात आणि त्यांना ते आवडते.

रिजेक्ट का झाले?

चौथा प्रश्न राहिला. परत आलेले पीस. खरे सांगायचे तर हा प्रश्न पोर्टलवर घ्यायला आमचीच तयारी नव्हती. पूर्वीची रीत अशी की माल तपासणारा माणूस पीस बाजूला टाकी, मुनीमजी त्याचे पैसे कापत आणि बाईला नुसता आकडा कळे. कारण विचारले तर 'शिलाई खराब' हे ठरलेले उत्तर. तपासनीसही नाराज झाला. म्हणाला, प्रत्येक पीसचे कारण लिहीत बसलो तर माल केव्हा निघणार? त्याचे म्हणणे अगदी चूक नव्हते, मे महिन्यात आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. पण ज्या प्रश्नाने सगळ्यात जास्त भांडणे होतात तोच गाळायचा, तर पोर्टल कशाला? शेवटी कारणांची सहा बटणे केली: टाके, माप, कॉलर, डाग, कापड, कटिंग. एक बटण दाबायला क्षणही लागत नाही.

शेवटची दोन बटणे पाहा. कापडातला दोष भिवंडीचा, कटिंगमधला दोष आमचा. ही बटणे नव्हती तोवर हे सगळे पीस 'शिलाई खराब' या एकाच पोत्यात जात होते. पहिल्या महिन्याचा तक्ता आला तेव्हा आंबवड्याच्या परत आलेल्या पीसमधले बरेचसे कटिंगच्या बटणाखाली दिसले. एका बाजूची बाही अर्धा इंच कमी कापलेली. बाईने कितीही सरळ टाका घातला तरी ती बाही जुळणार नव्हती. मास्तरांनी पॅटर्नचा पुठ्ठा मागवून पाहिला. वापरून वापरून त्याची कड झिजली होती. किती हंगाम झिजलेल्या पुठ्ठ्यावर कापले आणि त्याचे पैसे कोणाकोणाच्या मजुरीतून कापले, याचा हिशेब आता लागणे नाही. त्या महिन्याचे तेवढे आम्ही परत जमा केले आणि पोर्टलवर तसे लिहिले. पुठ्ठा नवा केला.

मागच्या हिशेबाचे काय, असे मात्र त्या ओटीवर कोणी विचारले नाही. आम्ही विचारण्याची वाट पाहत होतो असेही नाही.

व्यापारी बंधू विचारतील, एवढे करून फायदा काय? मुनीमजींचा फोन कमी वाजतो, हा एक. गठ्ठ्याची तारीख आधी दिसत असल्याने बायका शेतीची कामे त्याप्रमाणे लावतात, त्यामुळे माल वेळेवर येतो, हा दुसरा. कापडातले दोष आकड्यांत दिसू लागल्याने भिवंडीच्या व्यापाऱ्याशी बोलताना आमच्या हातात कागद असतो, हा तिसरा, आणि याची आम्ही अपेक्षाही केली नव्हती.

सगळे जमले असे नाही. दोन घरांत अजून कोणी पोर्टल उघडत नाही, तिथे मावशी तोंडी सांगते. पाऊस लागला की एसेमेसही उशिरा पोचतात. आणि गेल्या फेरीत एक नवी मागणी आली आहे. बायका म्हणतात, गठ्ठा घ्यायच्या आधी त्या पीसचा दर पोर्टलवर दिसला पाहिजे. दर आम्ही आजवर गठ्ठा पोचल्यावर सांगत आलो, हंगामाचा रंग पाहून. भाचा म्हणतो बटण तयार आहे, तुम्ही हो म्हणा. जूनच्या आधी आम्हाला पुन्हा आंबवड्याला जायचे आहे आणि पहिला प्रश्न तोच येणार, हे आम्हाला ठाऊक आहे.